फोर्क सरळ आहे, हे कोणी मोजले?

जुन्या मोटरसायकलींचा मेळा भरला की गर्दी आधी टाकीपाशी जमते. काळ्या रंगावर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, गुडघे टेकायची रबरे, चकाकणारे मडगार्ड हे सगळे लोक वाकून बघतात, फोटो काढतात. पुढचे चाक धरून ठेवणाऱ्या दोन नळ्यांकडे क्वचितच कोणाची नजर जाते. रंगकाम, क्रोम आणि सीट यांवर महिनोन्‌महिने खर्ची पडलेल्या गाडीच्या फोर्कमध्ये पुष्कळदा फक्त ऑइल सील बदललेले असते आणि नवे तेल ओतलेले असते. मग गाडी रस्त्यावर येते, वेग पन्नासच्या पुढे जातो आणि हँडल एका अंगाला ओढू लागते.

हा क्रम उलटा हवा. इंजिन बंद पडले तर गाडी कडेला थांबते. फोर्कने दगा दिला तर माणूस पडतो. गाडी पुन्हा उभी करण्याच्या कामात फोर्कला पहिला मान मिळायला हवा, आणि त्या कामात पाना उचलण्याआधी मोजपट्टी उचलायला हवी. नवे सील, नवे बुश, नवी स्प्रिंग हे बाजारातून आणता येते. सरळपणा मात्र विकत मिळत नाही, तो एकेक भाग मोजत जुळवावा लागतो.

फोर्कचे पहिले काम खड्ड्याचा धक्का शोषणे, असे बहुतेकांना वाटते. त्याहून महत्त्वाचे काम दिशा राखण्याचे आहे. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते ती तिरपी रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. टायरचा स्पर्शबिंदू अक्षाच्या मागे ओढला जात असल्यामुळे चाक आपोआप प्रवासाच्या दिशेला वळायला बघते. उदाहरणादाखल ३.२५-१९ मापाच्या टायरची त्रिज्या ३२५ मिलिमीटर धरू, स्टिअरिंगचा अक्ष उभ्या रेषेपासून २७ अंश कललेला आणि चाकाचा आस त्या अक्षाच्या ६० मिलिमीटर पुढे आहे असे समजू. ट्रेल सुमारे ९८ मिलिमीटर येतो. आता समोरून धडक बसली, नळ्या मागे वाकल्या आणि आस अक्षाच्या दिशेने फक्त १० मिलिमीटर सरकला, तर ट्रेल ११ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे अशा धडकेनंतर हँडल जड लागू शकते, आणि पुष्कळ जण त्याचा दोष ग्रीसला देतात. धडक मोठी असेल आणि फ्रेमचा हेड पाइपच, म्हणजे हँडलचा दांडा ज्यातून जातो ती नळी, मागे दबला असेल, तर परिणाम उलट होतो: अक्ष उभा होतो, ट्रेल घटतो आणि गाडी वेगात अस्वस्थ होते.

डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने चालवताच येऊ नये अशी सायकल बनवण्याचा ध्यास घेतला होता. त्याचा लेख ‘फिजिक्स टुडे’ या नियतकालिकात १९७० मध्ये आला. चाकाचा जायरोस्कोपिक परिणाम रद्द करण्यासाठी त्याने पुढे उलटे फिरणारे दुसरे चाक लावले, तरी सायकल चालवता आली. पण पुढचे चाक नेहमीच्या जागेपेक्षा पुढे नेऊन बसवल्यावर ती सावरणे फार अवघड झाले. पुढे २०११ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका शोधनिबंधाने दाखवले की योग्य वजनरचना असेल तर ट्रेल आणि जायरोस्कोपिक परिणाम हे दोन्ही नसतानाही दुचाकी स्वतःला सावरू शकते. विषय अजून पुरता सोपा झालेला नाही. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याला त्यातून एवढे नक्की घेता येते, की चाकाची जागा काही मिलिमीटर हलली तरी गाडीचा स्वभाव बदलतो.

दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा हा फोर्क मोटरसायकलीला सुरुवातीपासून नव्हता. आल्फ्रेड स्कॉटच्या १९०८ च्या गाडीवर एकात एक सरकणाऱ्या नळ्या होत्या. पण पुढची तीसेक वर्षे राज्य केले ते गर्डर फोर्कने. ब्रॅम्प्टन, ड्रुइड, वेब ही त्यातली जुनी नावे. लोखंडी चौकट, वर-खाली जोडदुवे आणि मधे एक स्प्रिंग अशी त्याची घडण. डेन्मार्कच्या निंबसने १९३४ मध्ये टेलिस्कोपिक फोर्क कारखान्यातून नियमितपणे बाहेर काढला, तरी त्यात तेलाचे डॅम्पिंग नव्हते. ते आले बीएमडब्ल्यूच्या आर१२ आणि आर१७ या १९३५ च्या गाड्यांबरोबर. ब्रिटिश सैन्यासाठी बनलेल्या मॅचलेस जी३/एल वर १९४१ मध्ये ‘टेलिड्रॉलिक’ फोर्क बसला, पण त्याच दुसऱ्या महायुद्धात धावलेल्या बीएसए एम२० आणि नॉर्टन १६एच गर्डरवरच राहिल्या. युद्ध संपताच चित्र पालटले. नॉर्टनचा ‘रोडहोल्डर’ आला, ट्रायम्फ आणि बीएसएचे टेलिस्कोपिक फोर्क आले, आणि हार्ले-डेव्हिडसनने १९४९ मध्ये आपल्या गाडीचे नावच हायड्रा-ग्लाइड ठेवले.

याच लाटेत रॉयल एनफिल्डची नवी बुलेट होती: पुढे टेलिस्कोपिक फोर्क, मागे स्विंगिंग आर्म. इटलीतल्या सॅन रेमो इथे १९४८ ची सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ब्रिटिश संघाने जिंकली, तेव्हा त्या संघात दोन बुलेट होत्या. भारतीय सैन्याने ही गाडी पत्करली, १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि चेन्नईजवळच्या तिरुवोत्तियूरमध्ये बुलेट बनू लागली. रॉयल एनफिल्डचे इंग्लंडमधले उत्पादन १९७० मध्ये थांबले तरी इथले चालूच राहिले. मुंबईच्या इराणी कुटुंबाने आणलेल्या जावा गाड्या म्हैसूरला १९६१ पासून बनू लागल्या, १९७३ मध्ये त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. महाराष्ट्रात आज जी जुनी मोटरसायकल कोणी हाती घेतो, ती बहुधा या दोन घराण्यांतली असते. म्हणून या विषयाची उदाहरणेही मुख्यतः तिथलीच घेणे योग्य.

आता फोर्कच्या आत डोकावू. हेड पाइपमधून जाणारा दांडा आणि त्याला धरून वर-खाली दोन आडवे भाग, ज्यांना आपल्याकडचे मिस्त्री वरची टी आणि खालची टी म्हणतात. बुलेटमध्ये वरच्या टीचे काम हेडलाइट, स्पीडोमीटर आणि दोन टायगर लॅम्प सांभाळणारा एकच ओतीव भाग करतो, त्यामुळे त्या भागाला पडलेली चीर दिव्यापुरती राहत नाही, फोर्कपर्यंत पोहोचते. दोन्ही टींमध्ये फोर्क पाइप घट्ट आवळलेले. त्यांवर सरकणारे खालचे बॉटम, मधे बुश, तोंडाशी ऑइल सील, आत स्प्रिंग आणि तेल. अनेक ब्रिटिश फोर्कांत एक बुश बॉटमच्या वरच्या तोंडात बसतो आणि दुसरा पाइपच्या खालच्या टोकाला. हे बुश बहुधा सच्छिद्र ब्राँझचे असतात आणि स्वतःत तेल धरून ठेवतात. ते झिजले की पुढचा ब्रेक दाबताच चाक मागे-पुढे खटखटते. इथेच पहिली गफलत होते. तोच खटका स्टिअरिंगचा कोनसेट ढिला असला तरी जाणवतो. पुढचे चाक उचलून एकाने बॉटम मागे-पुढे हलवावेत आणि दुसऱ्याने बोटे हेड पाइप आणि खालच्या टीच्या सांध्यावर ठेवावीत. हालचाल तिथे जाणवली तर दोष कोनसेटचा, बॉटमच्या तोंडाशी जाणवली तर बुशचा.

कोनसेटची झीज मोठी फसवी असते. सरळ रस्त्यावर गाडी तासन्‌तास धावताना स्टिअरिंगचे छर्रे जवळजवळ एकाच जागी थरथरत राहतात आणि वाट्यांमध्ये बारीक खळगे पाडतात. मग हँडल बरोबर मध्यावर अडकल्यासारखे होते. चालवणाऱ्याला वाटते गाडी छान सरळ चालते आहे. प्रत्यक्षात तिला हवे तेवढे बारीक सावरणे जमत नसते. चाक उचलल्यावर हलक्या बोटाने ढकललेले हँडल दोन्ही बाजूंना आपल्या वजनाने पडले पाहिजे. मध्ये अडले तर नट आणखी ढिला करून उपयोग नाही. छर्रे आणि वाट्या, सगळा संच बदलावा.

पाइपच्या पृष्ठभागाची दशा हवामानावर अवलंबून असते. रत्नागिरी किंवा मालवणच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या हार्ड क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात. असा प्रत्येक खड्डा सीलच्या ओठाला दर उसळीला कापत जातो, आणि महिन्याभरात तेल गळू लागल्यावर मालक सील बनवणाऱ्याला दोष देतो. खड्डे उथळ आणि सीलच्या वाटेबाहेर असतील तर निभावते. एरवी जुने क्रोम उतरवणे, पाइप ग्राइंड करणे, नवे हार्ड क्रोम चढवणे आणि पुन्हा मापात ग्राइंड करणे असे चार टप्पे लागतात. प्लेटिंग करताना कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून चांगला प्लेटर काम झाल्यावर तुकडा भट्टीत काही तास तापवतो. काम देण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा; उत्तरावरून कारागीर कळतो.

यानंतर खरा गाभा: सरळपणा.

पाइप वाकतो तो बहुधा खालच्या टीच्या लगेच खाली. तिथे पाइप घट्ट धरलेला असतो आणि चाकावरचा धक्का लांब दांड्यासारखा त्याच जागी सर्वांत जास्त जोर लावतो. वाक पुष्कळदा पत्र्याच्या आवरणाखाली लपतो, म्हणून पाइप काढून दोन व्ही-ब्लॉकवर ठेवावा, मध्यावर डायल गेजची सुई टेकवावी आणि पाइप हळूहळू फिरवावा. सुई जेवढी हलते त्याच्या निम्मा वाक असतो, ०.४० मिलिमीटर दिसले तर पाइप ०.२० ने वाकलेला आहे. होंडाच्या अनेक मॅन्युअलांत फोर्क पाइपच्या अशा वाकाची मर्यादा ०.२० मिलिमीटर दिलेली असते. जुन्या ब्रिटिश पुस्तिका इतक्या नेमक्या नसतात, पण त्या आकड्याला धरून चालायला हरकत नाही. डायल गेज नसेल तर जाड काचेवर पाइप लोळवून खाली डोकावणारा उजेड पाहता येतो. त्यातून मोठा वाक कळतो, बारीक सुटतो.

थोडा वाक हायड्रॉलिक प्रेसवर थंड अवस्थेत काढता येतो. गॅसच्या ज्योतीने लाल करून सरळ केलेला पाइप मात्र रस्त्यावर नेऊ नये, कारण उष्णतेने पोलादाची मूळ ताकद गेलेली असते. सुरकुती पडलेला, दबलेला किंवा चीर दिसणारा पाइप भंगारातच जायला हवा, तो कितीही दुर्मीळ असला तरी. एक वाईट रीत मात्र सर्रास दिसते. वाकलेला पाइप टीमध्ये फिरवत राहायचा आणि चाक समोरून सरळ दिसले की आवळून टाकायचा. एका वाकड्याने दुसरे वाकडे झाकले जाते. बॉटम मग सरकताना घासत राहतात, फोर्क अडखळतो आणि ब्रेक लावताना गाडी तिरपी जाते.

पाइप सरळ निघाले की टींची पाळी. दोन्ही पाइप टींमध्ये हलके आवळून त्यांवर जाड सपाट काच आडवी ठेवावी. काच चारही कोपऱ्यांवर टेकली तर पाइप एका पातळीत आहेत. डुगडुगली तर टी पिरगळलेली आहे किंवा नुसती सरकली आहे. काच नसेल तर सुतारकामातली युक्ती चालते: दोन सरळ पट्ट्या पाइपांवर एक वर, एक खाली आडव्या ठेवायच्या आणि एक डोळा मिटून त्यांच्या कडा जुळतात का ते पाहायचे. गाडी पडल्यानंतर पुष्कळदा काहीच वाकलेले नसते, टींमधले पाइप फक्त सरकलेले असतात. बोल्ट ढिले करून, पुढचे चाक गुडघ्यांमध्ये धरून हँडल उलट दिशेला वळवले की जुळते. पण ‘नुसते सरकले आहे’ हे मोजून ठरवावे, नशिबावर सोडू नये.

इथे काही दशांशांनी काय बिघडते? दोन पाइपांमधले अंतर १९० मिलिमीटर आणि चाकाचा व्यास ६५० धरला, तर एक पाय दुसऱ्यापेक्षा १ मिलिमीटर वर बसल्यावर चाकाचा माथा आणि तळ यांत जवळजवळ साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. चाक एका बाजूला कलते आणि चालवणारा आयुष्यभर हँडलवर नकळत उलटा जोर देत राहतो. सूतभर फरकाने काय होते, असे म्हणणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरांहून जास्त.

जोडणीचा क्रमही अचूकतेचाच भाग आहे. नॉर्टन, बीएसए, ट्रायम्फच्या पाइपांचे वरचे टोक निमुळते असते आणि वरचा नट ते टीच्या निमुळत्या भोकात ओढून बसवतो. खालच्या टीचा बोल्ट आधी आवळला तर पाइप तिथेच अडकतो आणि वरचा निमुळता भाग नीट बसतच नाही. आधी वरचे ओढून घ्यावे, मग खालचे आवळावे. चाक बसवल्यावर आसाचा नट आवळावा, पण ज्या बॉटमवर आस पकडणारा पिंच बोल्ट असतो तो ढिला ठेवून फोर्क अनेकदा जोराने दाबावा. पाय आपले नैसर्गिक अंतर शोधतात. त्यानंतरच पिंच बोल्ट आणि मडगार्डाचे पट्टे आवळावेत. मडगार्डाचा वाकडा पट्टा ताणून बसवला तर तो दोन्ही पाय एकमेकांकडे खेचतो आणि एवढी सगळी मेहनत वाया जाते. सर्वांत खात्रीची परीक्षा स्प्रिंग घालण्याआधी होते: चाक आणि आस जागेवर असताना फोर्क पूर्ण चालीत कुठेही न अडखळता वर-खाली सरकला पाहिजे.

मग संपूर्ण गाडीची रेषा. जुन्या बुलेट ३५० ला पुढे-मागे सारख्याच ३.२५-१९ मापाचे टायर असल्यामुळे हे काम सोपे आहे: दोन लांब सरळ फळ्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लावल्या की त्या चारही जागी सारख्या टेकल्या पाहिजेत. पुढचा टायर बारीक असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना समान फट दिसावी. गवंड्याचा ओळंबाही इथे उपयोगी पडतो. मागचे चाक ओळंब्यात उभे करावे आणि पुढचे त्याच्याशी ताडून पाहावे. दोन्ही चाके वेगवेगळी कललेली दिसली आणि फोर्क आधीच मोजून झालेला असला, तर संशय फ्रेमवर जातो, आणि ते काम जिगशिवाय हाती घेऊ नये.

तेलाबद्दल थोडक्यात. जुन्या पुस्तिकांत अनेकदा एसएई २० किंवा ३० चे साधे इंजिन ऑइल सांगितलेले असते. आजच्या फोर्क ऑइलवरचे अंक सर्व कंपन्यांचे एकाच जाडीचे नसतात, म्हणून एकदा एक ब्रँड धरला की तोच ठेवावा. दोन्ही पायांत तेल मोजपात्राने सारखे घालावे. जाड तेलाने फोर्क भारदस्त वाटतो खरा, पण लागोपाठच्या खड्ड्यांत तो वेळेत वर येत नाही आणि खाली दबत जातो.

सुट्या भागांची गोष्ट सुखाची आणि धोक्याचीही. बुलेटची जुनी घडण भारतात एकविसाव्या शतकातही काही वर्षे बनत राहिल्याने बुश, सील, पाइप सहज मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी असे भाग हाताळायला मिळतात, मुंबईच्या चोर बाजारातही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी लेथवर हवा तसा बुश काढून देणारे हात आहेत. पण नवा भाग म्हणजे अचूक भाग, हे गृहीत धरता येत नाही. वेष्टणातला नवा पाइपही व्ही-ब्लॉकवर फिरवून पाहावा, नवा बुश मायक्रोमीटरने मोजावा. आणि ब्रिटिश वंशाच्या गाड्यांवरचे इंचाला २६ आटे असलेले सायकल थ्रेड ओळखावेत. त्यात जवळपासच्या मापाचा मेट्रिक बोल्ट जोराने घुसवून कितीतरी टींचे आटे कायमचे गेले आहेत.

डिस्क ब्रेकवाल्या नव्या गाडीचा आख्खा फोर्क जुन्या गाडीला लावण्याचा मोह अनेकांना होतो. थांबण्याची ताकद वाढते, हे खरे. पण ऑफसेट, म्हणजे चाकाचा आस स्टिअरिंगच्या अक्षाच्या जितका पुढे असतो ते अंतर, बदलला की ट्रेल बदलतो, लांबी बदलली की हेड पाइपचा कोन बदलतो, आणि गाडीचे मूळ वागणे हरवते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले, त्यांतही मूळ रूप राखण्यावर भर आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. मूळ फोर्क नीट मोजून, जुळवून घेतला तर त्याच्या काळाच्या वेगाला तो आजही पुरेसा आहे. तो ज्यांनी आखला त्यांनी याच मापांवर गाडी पळवून पाहिली होती.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: उतरवणे, मोजणे, दुरुस्त करणे, जोडणे, ताडून पाहणे. एक डायल गेज, दोन व्ही-ब्लॉक, जाड काचेचा तुकडा, मोजपात्र आणि एक वही जवळ असावी. वहीत डाव्या आणि उजव्या पायाची मापे वेगवेगळ्या पानांवर लिहावीत, कारण दोन्ही पाय सारखे झिजलेले क्वचितच सापडतात. पहिले काम जुने तेल काढण्याचे. ते मोरीत ओतू नये. पांढऱ्या बशीत घेऊन उजेडात पाहावे. सोनेरी चकाकी दिसली तर ब्राँझचा बुश झिजतो आहे, दुधासारखा रंग असेल तर पाणी शिरले आहे, आणि डाव्या पायातून उजव्याच्या निम्मेच तेल निघाले तर तपासणी डाव्या पाइपपासून सुरू करावी.